परंपरा आणि परंपरांचे थर : बेळगावच्या सेंट पॉल्स हायस्कूलच्या निमित्ताने

बेळगावच्या कॅम्प भागातील सेंट पॉल्स हायस्कूल ही मुलांची शाळा येशूसंघीय धर्मगुरूंनी १८५६ मध्ये सुरू केली. म्हणजे मुंबई विद्यापीठाहून ती एका वर्षाने वडील आहे आणि बेळगाव धर्मप्रांताहून तर जवळजवळ शंभर वर्षांनी. इतके आयुष्य लाभलेल्या संस्थेविषयी बोलताना 'परंपरा' हा शब्द सहज ओठांवर येतो, आणि सहज ओठांवर येणाऱ्या शब्दांचे जे होते तेच त्याचेही होते : जो तो त्यात आपल्याला हवा तो अर्थ भरतो. माजी विद्यार्थ्याला परंपरा म्हणजे मैदान आणि शिस्त वाटते, पालकांना इंग्रजी, धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांना मुलांचे धर्मशिक्षण, आणि शाळा चालविणाऱ्यांना, खरे सांगायचे तर, पुष्कळदा निकालाची टक्केवारी. 'परंपरा राखली पाहिजे' यावर मात्र सर्वांचे एकमत असते.

प्रस्तुत लेखात आम्ही या शाळेचा साद्यंत इतिहास सांगणार नाही. तिच्या निमित्ताने कॅथलिक शाळेच्या परंपरेचे थर एकेक करून उलगडून पाहावेत, एवढाच हेतू आहे. हा विषय केवळ शाळा चालविणाऱ्या व्रतस्थांचा नव्हे. निपाणी, चिकोडी, खानापूर या बाजूच्या एखाद्या धर्मशिक्षकाने आपल्या मुलाला 'फादरांच्या शाळेत' घालावे की गावच्या मराठी शाळेतच ठेवावे, असा प्रश्न जेव्हा धर्मगुरूपुढे येतो, तेव्हा त्या शाळेत जपण्यासारखे नेमके काय आहे हे उत्तर देणाऱ्याला ठाऊक असावे लागते.

ईशज्ञानाच्या अभ्यासकांना येथे एक परिचित भेद उपयोगी पडेल. डोमिनिकन ईशज्ञानी ईव कोंगार यांनी १९६० आणि १९६३ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या नावातच 'परंपरा' हा शब्द एकदा एकवचनी व एकदा अनेकवचनी आला आहे. प्रेषितांकडून ख्रिस्तसभेला मिळालेला आणि ती जगत असलेला ठेवा ही एक परंपरा. आणि त्या ठेव्याभोवती काळानुसार, देशानुसार जमलेल्या चालीरीती या अनेक परंपरा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या 'देई वेर्बुम' या प्रकटीकरणविषयक संविधानात पहिलीचे स्वरूप स्पष्ट केले. शाळेला हा भेद लावताना अर्थातच तोलून लावला पाहिजे, कारण शाळा म्हणजे ख्रिस्तसभा नव्हे. तथापि ज्याच्यासाठी शाळा काढली ते एक, आणि चालविताना जमत गेले ते अनेक, असा विवेक शाळेलाही करता येतो. तो केला नाही म्हणजे माणसे घंटा, गणवेश आणि ढाल यांसाठी भांडतात आणि मूळ ठेवा कोणाच्या ध्यानात न येता हातातून जातो.

छावणीतली सुरुवात

बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि गावाशेजारी लष्करी छावणी वसली. कंपनी सरकारच्या गोऱ्या पलटणींत आयरिश कॅथलिक शिपायांचा भरणा मोठा असे. छावणी तेथे कॅथलिक धर्मगुरू, आणि धर्मगुरू तेथे आज ना उद्या शाळा, असा त्या काळचा क्रम होता. प्रॉटेस्टंट बंधू या गावी आपल्या आधी पोहोचले होते. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० मध्येच बेळगावात आले आणि त्यांच्या मिशनने शाळाही चालविल्या. १८५४ मध्ये वुड यांचा प्रसिद्ध खलिता आला. शाळा कोणत्या धर्माच्या लोकांनी चालविली आहे हे न पाहता, तिच्यातील लौकिक शिक्षण चांगले असल्यास तिला सरकारी अनुदान द्यावे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. पुढील काही दशकांत पश्चिम भारतात मिशनशाळा झपाट्याने वाढल्या, त्यामागे धर्मोत्साह जितका होता तितकाच हा खलिताही होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

ख्रिस्तसभेच्या बाजूने पाहता तो काळ अडचणीचा होता. पाद्रोआदो आणि प्रोपगांडा या दोन अधिकारक्षेत्रांचा वाद मुंबईपासून दक्षिणेपर्यंत धुमसत होता, आणि गोव्याच्या उंबरठ्यावरच्या बेळगावला त्याची झळ लागणे स्वाभाविक होते. मुंबईचे व्हिकर अपोस्तोलिक, कापुचिन संघाचे बिशप अनास्तासिउस हार्टमान यांच्या कारकिर्दीत येशूसंघीय मुंबई-पुणे भागात येऊ लागले, आणि १८५८ मध्ये हे सारे मिशन जर्मन येशूसंघीयांकडे सोपविण्यात आले. बेळगावची शाळा त्याच्या दोन वर्षे आधीची. पुण्याचे सेंट व्हिन्सेंट्स १८६७ चे आणि मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ चे, हे लक्षात घेतले म्हणजे एका आडबाजूच्या छावणीतल्या या शाळेचे वडीलपण ध्यानात येते.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. येशूसंघीयांना पोर्तुगीज सत्तेने १७५९ मध्ये गोव्यातून घालवून दिले होते. १७७३ मध्ये पोपमहोदयांनी संपूर्ण संघच विसर्जित केला आणि १८१४ मध्ये तो पुन्हा स्थापन झाला. म्हणजे १८५६ मध्ये बेळगावात जे धर्मगुरू शाळा काढीत होते ते अखंड वाहत आलेल्या प्रवाहातून आले नव्हते. त्यांच्या मागे तुटलेला धागा होता, आणि तो त्यांनी जुन्या ग्रंथांतून, नियमांतून आणि आठवणींतून पुन्हा जोडून घेतला होता. परंपरा वाचून, समजून, निवडून घ्यावी लागते याचे हे उदाहरणच होय.

पुढे १८८६ मध्ये पुणे धर्मप्रांत झाला. १९ सप्टेंबर १९५३ रोजी त्यातून बेळगाव धर्मप्रांत वेगळा होऊन मायकल रॉड्रिग्ज हे त्याचे पहिले बिशप झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि २०१४ मध्ये शहराचे अधिकृत नाव बेळगावी. शाळा जागची हलली नाही. तिच्याभोवतीची राज्ये, धर्मप्रांत आणि नावे तेवढी बदलत गेली.

मैदान, वर्ग आणि त्यांखालचा पाया

परंपरेचा सर्वांत वरचा थर म्हणजे मैदान. सेंट पॉल्सचे माजी विद्यार्थी स्वतःला 'पॉलाइट्स' म्हणवून घेतात. फादर एडी यांच्या स्मरणार्थ भरणारी आंतरशालेय फुटबॉल स्पर्धा बेळगावच्या क्रीडाजीवनाचा एक भाग होऊन बसली आहे. अशा शाळांत विद्यार्थ्यांचे 'हाऊस' असतात, त्यांचे कप्तान असतात, वार्षिक क्रीडादिन असतो, ढाली आणि चषक असतात. हे सारे लोकांना 'फादरांच्या शाळेचे' वैशिष्ट्य वाटते. वास्तविक यातील बराचसा भाग इंग्लंडच्या निवासी शाळांकडून आला आहे. रग्बी येथील शाळेचे मुख्याध्यापक टॉमस आर्नल्ड यांनी १८२८ ते १८४२ या काळात मोठ्या मुलांवर लहानांची जबाबदारी टाकण्याची जी पद्धत रूढ केली, तिचे अनुकरण पुढे साम्राज्यभर झाले. आर्नल्ड अँग्लिकन धर्मोपदेशक होते. तेव्हा मैदानाच्या परंपरेत कॅथलिक म्हणावे असे मुळात थोडेच आहे. म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. सीमाभागात तर तिचे मोल निराळेच आहे, कारण चेंडू पुढे देताना कोणी कोणाची मातृभाषा विचारीत नाही. पण वाढत्या फीमुळे मुलगा बाहेर राहिला आणि चषक मात्र कपाटात राहिला, तर परंपरा राखली असे म्हणता येणार नाही.

या थराच्या खाली दुसरा, पुष्कळ जुना थर आहे. येशूसंघाचे सर्वाधिपती क्लाउदिओ आक्वाविवा यांनी १५९९ मध्ये 'रात्सिओ स्तुदिओरुम' ही शिक्षणपद्धतीची नियमावली जारी केली. तीत उपदेश जवळजवळ नाही. कोणी, केव्हा, काय करावे याचे नियम मात्र भरपूर आहेत. नवा पाठ वाचण्याआधी शिक्षकाने तो विद्यार्थ्यांपुढे उलगडून ठेवावा, आदल्या दिवशीचे आज म्हणवून घ्यावे, आठवड्याचे शनिवारी. शिकविण्यापेक्षा पुनरावृत्तीवर भर अधिक. वर्गाचे दोन पक्ष करावेत, त्यांना रोमन आणि कार्थेजी अशी नावे द्यावीत आणि त्यांच्यात प्रश्नोत्तरांची चढाओढ लावावी, हीही जुन्या येशूसंघीय वर्गांची रीत. आजची 'हाऊस' इंग्रजी रिवाजातून आली असली तरी चढाओढीची ही कल्पना येशूसंघीयांना परकी नव्हती, त्यामुळे दोन्ही प्रवाह एकमेकांत सहज मिसळले.

शिक्षेविषयीचा नियम तर आजही वाचण्यासारखा आहे. येशूसंघीय शिक्षकाने विद्यार्थ्यावर स्वतः हात उगारू नये. शारीरिक शिक्षा अपरिहार्यच झाली तर ती संघाबाहेरच्या, त्यासाठी नेमलेल्या माणसाने करावी. त्या काळच्या युरोपात छडी ही वर्गातील नित्याची वस्तू होती, हे ध्यानात घेता या नियमातील संयम उठून दिसतो. पुढे किती शाळांत किती शिक्षकांनी तो पाळला, हा प्रश्न वेगळा आणि अप्रिय आहे. 'फादरांची शाळा म्हणजे छडी' अशी जी ख्याती आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते, ती येशूसंघाच्या मूळ परंपरेविरुद्ध आहे, एवढे तरी आपल्या धर्मशिक्षकांनी जाणून असावे. धर्मशिक्षणाच्या वर्गात पट्टी उचलणाऱ्यांनी विशेष करून.

याच थरातील आणखी एक-दोन गोष्टींचा केवळ उल्लेख करतो. वहीच्या पानावर वरच्या बाजूस 'ए. एम. डी. जी.' ही आद्याक्षरे लिहिण्याची येशूसंघीय शाळांतील रीत : 'देवाच्या अधिकाधिक गौरवासाठी' या लॅटिन वचनाची ती खूण. दुसरी, पवित्र मरियेची सोडॅलिटी. रोममधील कॉलेजात यान लेउनिस या तरुण बेल्जियन येशूसंघीयाने १५६३ मध्ये विद्यार्थ्यांचा जो प्रार्थनागट जमविला त्यातून ती वाढली, आणि १९६७ मध्ये तिने 'ख्रिस्ती जीवनसमाज' हे नवे रूप घेतले. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक जुन्या धर्मशिक्षकांची घडण सोडॅलिटीतच झाली, हे वाचकांपैकी अनेकांना स्वानुभवाने ठाऊक असेल.

सर्वांत खालचा थर मात्र बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. संत इग्नाती यांनी १५४० मध्ये संघाची मान्यता मिळविली तेव्हा शाळा काढण्याचा विचार त्यांच्या मनात नव्हता. सिसिलीतील मेसिना शहराच्या नागरिकांनी मागणी केली म्हणून १५४८ मध्ये संघाने बाहेरच्या मुलांसाठी पहिली मोठी शाळा काढली. १५५१ मध्ये रोममध्ये शाळा उघडली, तेव्हा तिच्या दारावरच्या पाटीत व्याकरण, वाङ्मय आणि ख्रिस्ती शिकवण या विषयांपुढे 'विनामूल्य' असा शब्द होता. शिकविण्याबद्दल मोबदला घ्यायचा नाही, हा संघाचा नियमच होता. राजे, नगरसभा आणि दाते निधी ठेवीत. मुलगा सरदाराचा असो वा मोच्याचा, फी कोणालाच नसे. संघाच्या विसर्जनात हे निधी गेले. नव्याने उभ्या राहिलेल्या संघापुढे शाळा चालवायची कशी हा पेच आला, तेव्हा सर्वाधिपती यान रोथान यांनी १८३३ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांच्याकडून अमेरिकेतील शाळांसाठी फी घेण्याची सूट मिळविली. सूट याचा अर्थ नियम वेगळा होता. आज फी हीच रीत वाटते आणि नादारी हा अपवाद. आरंभी याच्या नेमके उलट होते.

संत पौलाचे नाव लावणारी एक फार जुनी शाळा आपल्या शेजारीच होती. जुन्या गोव्यात १५४१ मध्ये 'पवित्र श्रद्धेचे' विद्यालय म्हणून सुरू झालेली संस्था लवकरच येशूसंघाकडे आली आणि सेंट पॉल्स कॉलेज म्हणून प्रसिद्धी पावली. १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना तेथेच चालू झाला. कोकणीभाषक, मलबारी, मलायी, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे अशी नाना देशांची मुले तेथे एका छपराखाली राहत. बेळगावची शाळा ही त्या कॉलेजची शाखा नव्हे, आणि तसे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये; दोहोंच्या मध्ये तीनशे वर्षे आणि एक विसर्जन आहे. मात्र आश्रयदाता संत एकच आहे, आणि त्याच्याकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत.

शाळा केवळ मुलांची का, असेही कोणी विचारतील. एकोणिसाव्या शतकात दुसरी कल्पनाच नव्हती. कॅम्प भागातच मुलींसाठी सेंट जोसेफ्स आहे. पोप अकरावे पायस यांनी १९२९ च्या शिक्षणविषयक विश्वपत्रात सहशिक्षणाविषयी प्रतिकूल मत दिले होते. त्यानंतरच्या काळात जगभर अनेक येशूसंघीय शाळांनी मुलींना प्रवेश दिला आहे. हा थर वरचाच समजावा, खालचा नव्हे.

धर्मशिक्षणाचा तास

भारतातील बहुतेक कॅथलिक शाळांत कॅथलिक विद्यार्थी अल्पसंख्य असतात. त्यांना धर्मशिक्षण आणि त्याच वेळी इतरांना नीतिशिक्षण, अशी समांतर तासांची रीत सर्वत्र रूढ आहे. तिला कायद्याचा आधार आहे. राज्याने मान्यता किंवा अनुदान दिलेल्या शाळेत कोणालाही त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकांच्या, संमतीवाचून धर्मशिक्षणास किंवा उपासनेस बसविता येत नाही, असे संविधानाचे अनुच्छेद २८ सांगते. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क देते. १९७४ मध्ये अहमदाबादच्या येशूसंघीय सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी त्याचा अर्थ विस्ताराने मांडला. हे दोन अनुच्छेद एकत्र वाचावेत. पहिला विसरला की आपण दुसऱ्याच्या श्रद्धेवर अतिक्रमण करतो. दुसरा विसरला की आपल्याच घरात संकोचाने वावरू लागतो.

आम्हांला वाटते ती खरी अडचण निराळी आहे. मुलगा फादरांच्या शाळेत आहे, तेव्हा त्याच्या धर्मशिक्षणाची काळजी मिटली, असा समज धर्मग्रामांत पसरतो. १९८३ च्या धर्मविधिसंहितेत हे कर्तव्य शाळेवर सोपवून मोकळे होण्याची मुभा नाही. कलम ७९८ अन्वये पालकांनी आपली मुले कॅथलिक शिक्षण देणाऱ्या शाळांत घालावीत. ते शक्य नसल्यास शाळेबाहेर त्यांना योग्य कॅथलिक शिक्षण मिळेल अशी तजवीज करणे त्यांना बंधनकारक आहे. कलम ७७६ धर्मग्रामाच्या धर्मगुरूवर सर्वांच्या धर्मशिक्षणाचा भार टाकते. तेव्हा मुलाला गावच्या मराठी शाळेत ठेवणारा धर्मशिक्षक पाप करतो असे मुळीच नाही. त्याच्या मुलासाठी रविवारचा वर्ग नीट चालतो की नाही, हे पाहणे मात्र धर्मगुरूकडे येते.

तीन भाषांच्या बाकावर

आता सीमाभागाचा खास प्रश्न. बेळगावच्या वर्गात एका बाकावर मराठी घरचा, कन्नड घरचा आणि कोकणी घरचा मुलगा बसणे ही नवलाची गोष्ट नाही. उर्दू बोलणारा चौथा मागच्या बाकावर असतोच. १९५६ पासून या भागातील मराठी भाषकांच्या मनात जी सल आहे ती वाचकांना नव्याने सांगायला नको. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, १९८६ मध्ये भाषेवरून मोठे आंदोलन पेटले, २००४ मध्ये महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. निपाणीचे उदाहरण पाहावे. गाव कर्नाटकात आणि गावाला लागून असलेले देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्राच्या कागल तालुक्यात. विद्यार्थी घरून निघून चालत दुसऱ्या राज्यात शिकायला जातो.

अशा प्रदेशात इंग्रजी माध्यमाच्या शाळेने नकळत एक काम केले : मराठी-कन्नड तंटा वर्गाच्या दाराबाहेर ठेवला. ही तिची सेवा आहे आणि ती मान्य केली पाहिजे. पण तिची किंमतही पडली. शाळेत इंग्रजीतून प्रार्थना शिकलेला मुलगा सुटीत गावी आला की आजीबरोबर जपमाळेला बसताना गप्प असतो. गीत ओळखीचे, शब्द अनोळखी. इंग्रज येशूसंघीय टॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, येथल्या लोकांची भाषा शिकले आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' त्यांनी मराठीत रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. त्याच संघाच्या शाळेत मराठी मुलाने मराठी विसरावी, हे पाहून स्टीफन्स फादर काय म्हणाले असते कोण जाणे.

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की १५९९ च्या नियमावलीत वर्गाची भाषा लॅटिन होती. १८३२ मध्ये रोथान यांनी ती सुधारली तेव्हाच मातृभाषेला वर्गात ऐसपैस जागा मिळाली. म्हणजे भाषेच्या बाबतीत संघाची परंपरा शाळेत एक आणि मिशनक्षेत्रात दुसरी, अशी दुहेरीच होती.

कायद्याची स्थिती थोडक्यात अशी : प्राथमिक शिक्षणाचे माध्यम मातृभाषाच असावे अशी सक्ती सरकारला करता येणार नाही, असा निर्णय कर्नाटकातूनच आलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी दिला, दुसरीकडे राज्याच्या २०१५ च्या अधिनियमाने शाळांत कन्नड शिकविणे आवश्यक केले. माध्यम निवडण्यास पालक मोकळे आहेत, पण राज्याची भाषा शिकणे टळत नाही. आमच्या मते ती टाळूही नये.

कारण शाळा ज्याचे नाव लावते तो संत याबाबतीत आपल्याला वाट दाखवितो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २१ च्या शेवटी संत पौल यरुशलेममध्ये जमावाच्या तावडीतून सुटून गढीच्या पायऱ्यांवर उभा आहे. सरदाराशी तो ग्रीक बोलतो आणि सरदार चकित होतो. मग वळून जमावाशी त्यांच्या मातृभाषेत बोलू लागतो, तेव्हा लोक अधिकच शांत होतात. सत्तेची भाषा आणि घरची भाषा यांपैकी एक टाकून दुसरी घ्यावी असे त्याला वाटले नाही. दोन्ही येत होत्या म्हणूनच त्याला त्या दिवशी बोलता आले. सीमाभागातील मुलाला इंग्रजी, कन्नड आणि मराठी तिन्ही याव्यात, यासाठी याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

दार कोणासाठी

परिषदेच्या २८ ऑक्टोबर १९६५ च्या ख्रिस्ती शिक्षणविषयक घोषणापत्रात, ऐहिक दृष्ट्या गरीब असलेल्यांची, कुटुंबाच्या आधारास पारखे झालेल्यांची आणि श्रद्धेचे दान न लाभलेल्यांची कॅथलिक शाळांनी विशेष काळजी घ्यावी, असे नवव्या परिच्छेदात सांगितले आहे. १९७७ मध्ये कॅथलिक शिक्षणविषयक धर्मपीठाने काढलेल्या 'कॅथलिक शाळा' या दस्तऐवजात तर स्पष्ट इशारा आहे की मुख्यतः सधनांकडेच लक्ष देणारी शाळा त्यांचे वर्चस्व टिकविण्यास हातभार लावील. येशूसंघात हीच जाणीव सर्वाधिपती पेद्रो अरुपे यांनी बोलून दाखविली. ३१ जुलै १९७३ रोजी, संत इग्नातींच्या सणाच्या दिवशी, स्पेनमधील वॅलेन्सिया येथे युरोपातील माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्यांनी विचारले की आम्ही तुम्हांला न्यायासाठी घडविले आहे काय, आणि स्वतःच उत्तर दिले की नाही. 'इतरांसाठी जगणारी माणसे' घडविणे हे ध्येय त्या भाषणातून पुढे आले. श्रोत्यांपैकी सर्वांना ते रुचले नाही, यात आश्चर्य नाही; माजी विद्यार्थ्यांचे मेळावे सहसा कौतुक ऐकण्यासाठी भरतात.

हे सारे निपाणीच्या तंबाखूच्या वखारींपर्यंत आणून पाहावे. १९८१ मध्ये तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनाने हे गाव देशभर गाजले. त्या वखारींत आणि विड्यांच्या सुपांपुढे राबणाऱ्या स्त्रियांच्या मुलांना पाऊणशे किलोमीटरवरच्या बेळगावातील इंग्रजी शाळेचे दार किती उघडे असते? फी, वसतिगृह आणि घरी इंग्रजीचा गंध नसणे, असे तीन अडसर त्या दाराला आहेत. पहिल्या दोहोंवर नादारी आणि शिष्यवृत्ती हा उपाय आहे. माजी विद्यार्थी चषकासाठी जसे हौसेने वर्गणी देतात तशी एका मुलाच्या वर्षभराच्या खर्चासाठी देऊ लागले तर १५५१ च्या त्या पाटीवरील शब्द काही अंशी तरी खरा होईल. ही मागणी धर्मग्रामांनी पुढे होऊन, नम्रपणे पण नेटाने, अशा शाळांकडे करावी. शाळा संघाच्या असल्या तरी त्या धर्मप्रांताच्या जीवनाचाही भाग आहेत.

तिसरा अडसर दूर करणे बव्हंशी धर्मशिक्षकांच्या हाती आहे. गावच्या मराठी शाळेतून माध्यमिक वर्गासाठी इंग्रजी शाळेत जाणारा मुलगा पहिल्या वर्षी हमखास मागे पडतो, आणि पालक घाबरून त्याला काढून घेतात. धर्मगुरूने त्या पालकांना आधीच सांगावे की हे एक वर्ष सोसायचे आहे. जाण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात नित्याच्या प्रार्थना, क्रूसाची खूण, आमच्या बापा, नमो मरिया, मिस्सातील उत्तरे, मुलाकडून मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत शेजारी शेजारी लिहून घ्यावीत. अर्थ आधीच ठाऊक असल्यामुळे इंग्रजी वाक्याची भीती मोडते. उलट, शहरात शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत एक सोय आपण वापरीत नाही. शाळेत हिंदी घेणाऱ्या मुलाला देवनागरी लिपी येतच असते. मराठी वाचन त्याला अडते ते सवय नसल्यामुळे. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत तो गावी आला की शनिवारी संध्याकाळी त्याच्याकडून रविवारचे पहिले वाचन मोठ्याने दोनदा वाचून घ्यावे, अडलेल्या शब्दांवर पेन्सिलीने खुणा कराव्यात, आणि रविवारी त्यालाच वेदीजवळ वाचायला उभे करावे.